महापालिकेच्या सभेला बसणाऱ्या बातमीदाराचा पगार कुणी द्यायचा?

रंकाळ्याचा वारा
कोल्हापुरात आमच्या गल्लीतला रस्ता वर्षात दुसऱ्यांदा उकरला. आधी ड्रेनेजसाठी, आता पाण्याच्या लाईनसाठी. पेपरात ओळ नाही, वाढदिवसाची पुरवणी मात्र चार पानांची. ब्रिटनमध्ये बीबीसी लोकांनी भरलेल्या टीव्ही परवाना शुल्काच्या पैशातून १६५ च्या आसपास बातमीदार पोसते. नोकरी स्थानिक पेपरात, काम मुख्यतः कौन्सिलच्या बैठकांवर नजर ठेवायचं, आणि ती बातमी या योजनेत सामील सगळ्या माध्यमांना वापरता येते. आपल्याकडं का नको? सरकारी पैसा जाहिरातींतून तसाही जातोच की.

पेठेतला गडी
नको रे बाबा. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. आज जाहिरात बंद व्हायची भीती आहे, उद्या पगार बंद व्हायची. आणि सभेला बसवणार म्हणतोस, कुठली सभा? नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपली, पुढं पाच वर्षं प्रशासकच. रिकाम्या खुर्च्यांची बातमी लिहायची होती काय?

रंकाळ्याचा वारा
तेच म्हणतोय! नगरसेवक नसताना कोटींचे ठराव एका सहीनं झाले. तेव्हा तर बघणारा माणूस जास्त पाहिजे होता.
आणि पोळी-टाळीचं म्हणशील तर शाहू महाराजांनी १९२० ला 'मूकनायक'साठी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले. पेपर निघायचा मुंबईतनं. दरबाराचं कौतुक छापा अशी अट होती काय?

पेठेतला गडी
महाराजांचं उदाहरण आलं की कोल्हापुरात वाद संपतो, हे तुला पक्कं ठाऊक आहे 😄 पण महाराज १९२२ ला गेले आणि १९२३ ला 'मूकनायक' बंद पडलं. सगळं पैशामुळं झालं असं म्हणत नाही, पण दात्याच्या भरवशावर पेपर किती दिवस चालणार? शिवाय महाराजांचं मन आजच्या कुठल्या खात्याच्या सचिवाला आहे, ते दाखव.

कागदोपत्री
दोघांचंही फार लांब चाललंय. माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. कलम ४ प्रमाणे बरीचशी माहिती कार्यालयानं आपणहून जाहीर करायची असते. ठराव, टेंडर, बिलं नीट वेबसाइटवर टाका, बातमीदाराला पगार कशाला?

माजी वार्ताहर
बारा वर्षं करवीर तालुक्यात वार्ताहर होतो, म्हणून बोलतो. पगार नव्हताच. मानधन पेट्रोलला पुरायचं नाही, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. म्हणजे ज्या सरपंचाकडं दिवाळी अंकाची जाहिरात मागायची, त्याच्याच पाणी योजनेची बातमी करायची. एकदा केली. टाकी बांधून झाली होती, पाणी नव्हतं, एवढंच लिहिलं. त्या गावातनं पुढं तीन वर्षं एक जाहिरात आली नाही आणि ऑफिसनं मलाच विचारलं, "टार्गेटचं काय?"
कागदोपत्री, वेबसाइटवर टाकी पूर्णच दिसली असती. त्यासाठी शिडी चढून आत बघायला लागतं.
पेठेतल्या भावा, तू सरकारी पैशाच्या दबावाला भितोस. मी जो भोगला तो काय होता?

पेठेतला गडी
ते खरं. पण मग एक दबाव काढून दुसरा लावायचा?

रंकाळ्याचा वारा
पैसा दरवर्षीच्या बजेटमधनं द्यायचाच नाही. एकदाच मोठी कायम ठेव ठेवायची आणि व्याजातनं पगार. वाटप विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाकडं. चिडला तरी आयुक्ताला तो थांबवता येऊ नये.

पेठेतला गडी
विद्यापीठाच्या समित्या कशा ठरतात हे मी सांगू का तू सांगतोस? 🙏

माजी वार्ताहर
समितीत कुणीही बसू दे. बातमीदारानं जाहिरात आणायची नाही, एवढी एक अट लेखी पाहिजे. पेपरवाले त्याला तयार होतील का, हे आधी विचारून या.