१९२०च्या आधीही मतं पडत होती
अमेरिकेत बायकांना मताधिकार १९२० सालीच मिळाला, असं सर्रास म्हटलं जातं. देशभरासाठी, निदान कागदोपत्री, ते खरं. पण राज्याराज्यांची गोष्ट फार वाकडीतिकडी आहे. न्यू जर्सीत १७७६च्या घटनेनुसार पन्नास पौंडांची मालमत्ता असलेल्या बाईला मत होतं. म्हणजे विधवा नाहीतर अविवाहित, कारण लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची! १८०७ साली तेही काढून घेतलं. युटात १८७० साली दिलं, १८८७ साली काँग्रेसने (त्यांच्या, आपल्या नव्हे) हिसकावलं, १८९६ साली परत मिळालं.

मला आवडते ती वायोमिंगची लुईसा स्वेन, तिथे बायकांना मताधिकार मिळाल्यावर पहिलं मत टाकणारी. ६ सप्टेंबर १८७०, लॅरमी गाव. एकोणसत्तरीची आजी. म्हणतात, छोटी बादली घेऊन सकाळीच यीस्ट आणायला निघाली होती, वाटेत मत टाकून गेली.