न्युरेंबर्गचं ख्रिसमस मार्केट, शाकाहारी आईबाबांना घेऊन जावं का?

इसारकाठचा_पुणेकर: आईबाबा डिसेंबरात म्युनिकला येतायत, पहिल्यांदाच. न्युरेंबर्गला एका दिवसात जाऊन येणं जमेल का? आई पूर्ण शाकाहारी, बाबांचे गुडघे जरा कुरकुरतात. गर्दी फार असते असं ऐकलंय.

फ्रँकोनियाची_सून: जमेल की. शनिवार-रविवार मात्र चुकूनही नको, मुंगीला शिरायला जागा नसते. मधल्या वारी बायर्न तिकीट (बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट) काढा, पाच जणांपर्यंत एकच चालतं, फक्त सकाळी ९ नंतर आणि आयसीईला (वेगवान गाडीला) चालत नाही, रिजनल गाडीच धरायची. तरी १२ च्या आत हाउप्टमार्क्टला (मार्केट भरतं तो मुख्य चौक) पोचता येतं, आणि १२ लाच पोचा कारण तिथल्या फ्राउएनकिर्ख चर्चच्या घड्याळात सात इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडणाऱ्या मानकऱ्यांच्या बाहुल्या सम्राटाभोवती फिरतात, बाबांना आवडेल. स्टेशनपासून चालत पंधराएक मिनिटं, पण दगडी फरशी आहे, चांगले बूट घाला. साडेचारपर्यंत अंधार पडतो, दिवे बघायचे आणि निघायचं, रात्री ९ पर्यंत थांबायची गरज नाही.

म्युनिकवाला_दादा: मी तर म्हणेन रोथेनबुर्गला जा, छोटं आहे, निवांत आहे. न्युरेंबर्ग आता सगळं टुरिस्टांसाठीच.

फ्रँकोनियाची_सून: रोथेनबुर्गला गाड्या बदलत जायचं, शेवटी श्टाइनाखला परत उतरा-चढा, गुडघेवाल्या बाबांना कशाला तो ताप? आणि टुरिस्ट असले तरी लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडी छताचे ते स्टॉल, सुक्या आलुबुखारचे बाहुले (त्स्वेच्गनमेन्ले), हे तिथलंच आहे.

इसारकाठचा_पुणेकर: आणि आईचं खाणं? सगळीकडे सॉसेजच दिसतात.

फ्रँकोनियाची_सून: हो, तिथली खासियतच ती, बोटाएवढे तीन सॉसेज एका पावात. आईंसाठी भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळवलेले बदाम, बिनधास्त. बटाट्याचे पॅनकेक दिसायला शाकाहारी, पण पिठात बहुतेकदा अंडं असतं, श्पेत्स्लमध्येही (तिथला शेवयांसारखा प्रकार). लेबकुखनमध्ये (मसाल्याची केकसारखी बिस्किटं) पण. एलिझन प्रकारात तर मैदा जेमतेम १० टक्के, मग ते सगळं धरून काय ठेवणार, अंडंच ना. स्टॉलवर "ओने आय?" (अंड्याशिवाय आहे का?) विचारा, सरळ सांगतात. तरी डब्यात ठेपले असूद्या 😄

म्युनिकवाला_दादा: कानटोपी पण असूद्या. गुलाबी थंडी नाही ती, नुसतं उभं राहिलं की पायातून चढते.

इसारकाठचा_पुणेकर: थँक्यू ताई, मधलाच वार ठरवतो. आई ठेपल्यांना लगेच हो म्हणाली. बाबा विचारतायत, ती गरम वाइन कडक असते का?

फ्रँकोनियाची_सून: ग्लूवाइन गोड लागते म्हणून बाबा दुसरा मग मागतील, तो द्यायचा नाही 😂 आईंना किंडरपुन्श घ्या, त्यात दारू नसते. मगचं डिपॉझिट घेतात, मग परत केला की पैसे परत, आवडला तर घरी न्या.