डबिंगआधी बूम जवळ आणा
शूटिंगमध्ये खोलीतला संवाद विहिरीतून आल्यासारखा घुमतोय, म्हणून सगळं डब करायचं का (म्हणजे संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचे का), असं एकाने विचारलंय. माझं मत: नको. नवख्या नटांकडून तोच भाव पुन्हा मिळवणं फार अवघड असतं. दोष बहुधा माइकच्या अंतराचा आहे. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, भिंतींचा पडसाद मात्र तेवढाच राहतो. म्हणून बूम (लांब काठीवर लावलेला माइक) फ्रेमच्या अगदी वरच्या कडेला, तोंडापासून दीड-दोन फुटांवर, छातीकडे रोखून धरा. लहान खोलीत लांब शॉटगनपेक्षा (नळीसारख्या माइकपेक्षा) हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा आखूड माइक बरा. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, खाली सतरंजी. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. सर्वात मोठ्या आवाजातलं वाक्य रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. किंचाळी असेल तर तालमीतच पातळी तपासा, फुटलेला आवाज पुढे दुरुस्त होत नाही.

पंखा बंद, फ्रिज बंद. (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही.)

प्रत्येक जागी सगळ्यांना स्तब्ध उभं करून मिनिटभर रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा त्या जागेचा आवाज, रेकॉर्ड करून घ्या. तो नसेल तर संकलनात दोन वाक्यांमध्ये भोकं ऐकू येतात. आणि नट मेकअप उतरवण्याआधी, त्याच जागी, अवघड वाक्यं कॅमेऱ्याविना पुन्हा म्हणवून घ्या.