वीजघराच्या तळ्याला मातीचा बांध? पुण्याने तरी नको म्हणावं

मुठाकाठ
ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात उदंचन वीज प्रकल्पांचा करार झाला. मावळात शिरवटा १८०० मेगावॅट, घाटाखाली भिवपुरी १००० मेगावॅट. दुपारी उन्हाची वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज काढायची. कल्पनेशी माझं भांडण नाही. हा धागा त्या एका कराराबद्दलही नाही. पण सह्याद्रीच्या माथ्यावर अशी तळी आता होत जाणार, तर आत्ताच बोलून घेऊ. वरच्या तळ्याचा बांध मातीचा असावा का?

मी म्हणतो, नसावा. कारण घरातलंच आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि आजी नारायण पेठेतून निघाली ती गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांच्या अर्धगोल पत्र्याच्या घरात. पुन्हा पेठेत राहायला आलीच नाही. नदीच्या धरणाला निदान जादा पाणी वाहून जायला सांडवा असतो. डोंगरावरच्या तळ्यात पाणी पंपानेच येणार, म्हणून सांडवा कशाला, असा हिशेब होऊ शकतो. अमेरिकेत मिसूरीतल्या टॉम सॉकला नेमकं तेच झालं. १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे पातळी दाखवणारी यंत्रं जागची हललेली, पंप चालूच राहिले, पाणी काठावरून वाहिलं, बांध फुटला आणि अर्ध्या तासाच्या आत तळं रिकामं. खाली उद्यानाच्या अधिकाऱ्याचं घर कुटुंबासकट वाहून गेलं. माणसं वाचली, पण केवळ नशिबाने. नंतर तिथे रोलरने दाबलेल्या काँक्रीटचा नवा बांध घातला, २०१० मध्ये चालू झाला. त्यांनी धडा घेतला, आपण का घेऊ नये?

घळभरणी
३१ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली बरीचशी माती धरणांवर. म्हणून थोडं स्पष्ट बोलतो.

टॉम सॉकचा बांध मातीचा नव्हताच. दगडांचा ओतलेला भराव आणि आतून काँक्रीटचं अस्तर. काठावरून पाणी वाहिल्यावर तो टिकला नाही, हे खरं. पण दोष पातळी मोजण्यात होता आणि सांडवा नसण्यात होता.

आता पानशेत. तिथे माती नापास झाली असं पुण्यात तीन पिढ्या बोललं जातं. मातीवर रोलर नीट फिरला होता की नाही यावर वाद घाला, पण मूळ दुखणं विमोचकाचं, म्हणजे धरणाखालून पाणी बाहेर सोडायच्या मार्गाचं. त्याचं काम अर्धवट, दरवाजे उचलायची यंत्रणा बसलेली नाही आणि पावसाळा डोक्यावर. अर्धवट उघड्या दरवाजांतून पाणी हिसके देत वाहिलं, विमोचकावरचा भराव खचत गेला आणि माथा पाण्याखाली जायला लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, पण उपयोग झाला नाही. एक पावसाळा थांबले असते तर तेच धरण उभं राहिलं असतं. पुढे तिथेच पुन्हा बांधलं आणि त्याच पाण्यावर आपण सगळे आंघोळ करतो. त्याच्या पायथ्याशी ८ मेगावॅटचं वीजघरही आहे.

राज्यातली बहुतेक धरणं मातीचीच आहेत. जायकवाडीचा बांध दहा किलोमीटरच्या आसपास लांब आहे. मातीला शिव्या देण्याआधी घळभरणीची, म्हणजे नदीपात्रातला शेवटचा भाग बुजवून पाणी अडवायची, तारीख कोण ठरवतं ते विचारा.

निसेनहट
काका, "एक पावसाळा थांबले असते तर" हेच तर भय आहे ना. थांबतं कोण?

खेकडा_क्रमांक_१
तिवरे धरण आम्ही खेकड्यांनीच पोखरलं असं २०१९ मध्ये मंत्र्यांनी जाहीर केलं होतं. माथ्यावर आमची वस्ती कमी आहे, निश्चिंत बांधा.

पौडफाटा
हसू आलं आणि लगेच गेलं. २ जुलैच्या त्या रात्री चिपळूण तालुक्यातली अख्खी वाडी गेली. गळतीच्या तक्रारी गावकरी आधीपासून करत होते.

पण मुठाकाठ, तुम्ही काँक्रीट आणि दगडावर एवढा विश्वास टाकताय तर टेमघर आठवा. दगडी बांधकाम, पुण्याच्या डोक्यावर, आणि २०१६ मध्ये भिंतीतून धारा लागलेल्या सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. आणि खडकवासला? १८७९ चं दगडी धरण, तेही पानशेतच्या पाण्यापुढे त्याच दिवशी फुटलं.

मुठाकाठ
फुटलं, पण सकाळी पानशेत गेल्यावर काही तास उभं राहून मग फुटलं. त्या काही तासांत किती जण पर्वतीच्या टेकडीवर पोहोचले ते जुन्या माणसांना विचारा. टेमघर गळलं, लोकांना दिसलं, भेगांत सिमेंट भरून ग्राऊटिंग झालं. दगडाची भिंत सांगून जाते. माती आतून पोखरली जाते आणि एका रात्रीत जाते. फ्लोरिडात १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये मार्टिन वीजकेंद्राच्या पाणी थंड करायच्या तलावाचा बांध असाच गेला. पाणी माथ्यावरून वाहिलेलं नव्हतं, खालची वाळू धुपत गेली.

आणि काका, एक प्रश्न टाळू नका. जायकवाडीची पातळी महिन्यांत उतरते. या तळ्याची रोज उतरणार, काही तासांत. त्याचं काय?

घळभरणी
हा प्रश्न बरोबर विचारलात. पाणी सावकाश उतरलं तर भरावातलं पाणीही बरोबर निथळतं. झटकन उतरलं तर बाहेरचा पाण्याचा आधार जातो आणि ओला गाभा तसाच फुगलेला राहतो. मग आतल्या बाजूचा उतार तळ्याकडे घसरतो. वर्षातून एकदा नव्हे, रोज हे होणार म्हटल्यावर काळ्या मातीचा साधा बांध तिथे मीही मंजूर करणार नाही. उजनी आणि पैठणला (म्हणजे जायकवाडीलाच) प्रत्येकी १२ मेगावॅटचा उलटसुलट चालणारा संच आहे, पण तिथलं तळं एवढं मोठं की संचाने पातळीला बोटभरही फरक पडत नाही. लहान तळ्याचं गणित वेगळं.

उपाय आहेत. आतला उतार जास्त सपाट ठेवा, बाहेरच्या थरात पाणी निथळेल असा दगड वापरा, नाहीतर आतून डांबराचं किंवा जाड प्लॅस्टिकचं अस्तर घाला. आपल्याकडचं घाटघर, २५० मेगावॅट, तिथे वरचं आणि खालचं दोन्ही धरणं रोलरच्या काँक्रीटची आहेत. म्हणजे तुमच्या बाजूचं उदाहरणही मीच देतोय, नोंद घ्या.

उजेड
दोघांच्या भांडणात मूळ मुद्दा बुडतोय. उदंचन नको असेल तर संध्याकाळची वीज येणार कुठून? कोळशातून. आणि कोळसा म्हणजे राख. राखेला तळं लागतं, आणि त्या तळ्याला बांध असतो मातीचा किंवा राखेचाच. टेनेसीत किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ ला मध्यरात्रीनंतर बांध फुटून शंभर कोटी गॅलनपेक्षा जास्त राखेचा चिखल नदीत आणि घरांवर गेला. तुम्ही पाण्याचं तळं नाकारताय, दुसऱ्याच्या गावाला राखेचं मिळतंय.

राखरांगोळी
दुसऱ्याचं गाव म्हणजे आमचं. मी नागपूरची, नोकरीसाठी हिंजवडीत. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा राखतलावाचा बांध पावसात फुटला आणि राख शेतांत, नाल्यांत, पुढे कन्हान नदीपर्यंत गेली. एप्रिल २०२० मध्ये सिंगरौलीला सासन प्रकल्पाचा बांध फुटून सहा माणसं गेली. पुण्यात कोणाला आठवतं? पानशेत मात्र साठ वर्षांनीही आठवतं, कारण पेठा बुडाल्या.

राग बाजूला ठेवून कामाचं बोलते. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये आला. १५ मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात, काही अटींवर १० ते १५ मीटरचीही. पण धरणाची व्याख्याच नदी किंवा तिच्या उपनदीवर आडवं बांधलेलं अशी आहे. राखतलाव कुठल्या नदीवर असतो? आणि पठारावर चहूबाजूंनी गोल बांध घालून केलेलं तळं? माती की काँक्रीट यावर दोन दिवस भांडा, पण त्याची तपासणी कोणत्या कायद्याने होणार ते आधी कोणी सांगेल का?

पौडफाटा
माथ्यावर ओहोळ असतोच, तो पुढे कुठल्यातरी नदीला मिळतो. वकील उपनदी ठरवतील.

राखरांगोळी
दोन्ही बाजूंचे वकील.

मुठाकाठ
राखरांगोळी, शीर्षक बदलायला हवं होतं, पण आता राहू दे. मातीबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. टॉम सॉक मातीचा नव्हता, ती चूक मान्य. पण काका, तुमच्या धरणांवर बांधावरून माणूस चालायचा ना? पायथ्याचं गवत नको तिथे हिरवं दिसलं की शाखा अभियंत्याला सांगायचा. या तळ्यावर तो कोण?

घळभरणी
चौकीदार. आमचा एक होता, अनवाणी चालायचा. ओल पायाला आधी कळते म्हणायचा. आता बांधातल्या पाण्याचा दाब मोजणारे पायझोमीटर आणि कॅमेरे असतात. ते वाईट नाहीत, पण टॉम सॉकलाही यंत्रंच होती.

असं करा. अशा कुठल्याही प्रकल्पाच्या जनसुनावणीला जाल तेव्हा माती नको असं म्हणू नका, आकडेवारी दाखवून गप्प बसवतील. तीन गोष्टी विचारा. पंप बंदच झाले नाहीत तर जास्तीचं पाणी कुठून आणि कोणाच्या ओढ्यात जाणार? पायथ्याच्या निचऱ्याला पाझर मोजायची व्ही-खाच आहे का? आणि तिची नोंदवही कंपनीबाहेरचं कोण, किती दिवसांनी पाहणार? लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विचारलेलं इतिवृत्तात येत नाही, मी अशा टेबलाच्या पलीकडे बसलेलो आहे.

निसेनहट
चौथा घाला काका. भोंगा वाजला तर खालच्या वाडीने कुठल्या वाटेने पळायचं, आणि ती वाट पावसात ओढ्याच्या कुठल्या बाजूला असते.

उजेड
मसुदा इथेच टाका. मी बाजू घेऊन भांडलो असलो तरी सही करतो.