गळू, करट की केस्तूड?

लेखणीवाली: एका दवाखान्याच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. 'रिकरंट फ्युरंक्युलोसिस'ला 'वारंवार होणारी केस्तुडं' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी लाल शाईत शेरा मारला: 'ग्राम्य. गळू करा.' आमच्याकडे गळू म्हणजे लिंबाएवढं, चीर द्यावी लागणारं. केसाच्या मुळाशी उठतं ते केस्तूड. तुमच्याकडे काय म्हणतात?

हापूस: करट! आम्ही रत्नागिरीकडचे. मे महिन्यात आंबे आणि करटं जोडीनंच यायची. आजी कणकेत हळद-तेल घालून गरम पोटीस बांधायची. तोंड धरेपर्यंत कुणाला हात लावू द्यायची नाही. खीळ निघाली की ती कापसावर ठेवून घरभर दाखवायची, तांदळाच्या दाण्याएवढी, पिवळट.

उगाचच: जेवताना वाचलं.

शब्दवेडा: केस तुटून होतं म्हणून 'केसतोड'. 'केस्तूड' हा अपभ्रंश. आणि छापील मजकुरात खरं तर 'पिडका' हवं. चरकाने प्रमेहाच्या (म्हणजे मधुमेहासारख्या विकाराच्या) सात पिडका सांगितल्यात: शराविका, कच्छपिका, जालिनी…

उगाचच: पेशंटला वाटेल कुणीतरी पिडतंय.

डॉ. निवांत: पिडतंच की. आणि चरकाचा मुद्दा आजही लागू आहे. पुन्हा पुन्हा होत असेल तर आम्ही आधी रक्तातली साखर बघतो. मात्र केस तुटून काही होत नाही, केसाच्या मुळात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू शिरतो. साधारण तिघांत एकाच्या नाकात त्याचा मुक्काम असतो. म्हणून दुखणं मांडीवर आणि मलम नाकात, असं होतं: मुपिरोसिन, दिवसातून 2 वेळा, 5 दिवस, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. टॉवेल, वस्तरा प्रत्येकाचा वेगळा. ओल्या फडक्यानं शेकावं, पिळू नये. नाकावरचं, वरच्या ओठावरचं तर मुळीच नाही. आंब्याला उगाच बदनाम करतात, दोष घामाचा आणि घासणाऱ्या कपड्यांचा.

हापूस: आजी हयात असती तर डॉक्टर, तुम्हालाच पोटीस बांधलं असतं.

लेखणीवाली: मजा म्हणजे लॅटिनमध्ये 'फुरुंक्युलुस' म्हणजे भुरटा चोर. त्यापुढे केस्तूड काय ग्राम्य! पण कुणी सांगेल का…

उगाचच: माझ्या सासूबाई काखेतल्याला काखमांजरी म्हणतात. मांजर कुठून आलं?

शब्दवेडा: मांजर नव्हे, मंजरी असणार. घोसानं येतात ना.

हापूस: छे! एक फुटली की शेजारी दुसरी. मांजरीसारखी पिल्लं घालते म्हणून.

डॉ. निवांत: काखेत, जांघेत सारखी येऊन व्रण आणि गाठी राहत असतील तर तो आजारच निराळा, हायड्रॅडिनायटिस. त्याचे उपचारही निराळे. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

शब्दवेडा: याला मराठी प्रतिशब्द घडवायला हवा.

उगाचच: आत्ताच तर सांगितला. काखमांजरी.

लेखणीवाली: अहो, माझं केस्तूड राहिलं! उद्या सकाळी छापायला जातंय.

हापूस: ठेवा की ताई. फक्त 'स' अर्धा की पूर्ण?