घरचा प्रिंटर छापत नाही : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

शाळा उघडायच्या तोंडावर आमच्याकडे जळगावात घरोघरी एकच तक्रार असते: प्रिंटर चालू आहे, शाई आहे, पण कागद कोराच बाहेर येतो. दुकानात नेला की 'हेड गेलं', म्हणजे शाई उडवणारा भाग बिघडला, म्हणून सांगतात. बऱ्याचदा ते गेलेलं नसतंच. म्हणून तुमच्याकडे काय झालं आणि कशाने सुटलं ते बारकाव्यासह लिहा. कोणाचे तरी पैसे वाचतील.

सुरुवात मी करते. इंकजेटच्या, म्हणजे पातळ शाई उडवून छापणाऱ्या प्रिंटरच्या, शाईत मुख्यतः पाणी असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास, हवा कोरडी, आणि सुट्टीत प्रिंटर बंद. हेडच्या केसाहून बारीक छिद्रांच्या (नोझलच्या) तोंडाशी शाई सुकून बसते. आधी 'नोझल चेक'चं, म्हणजे प्रत्येक रंगाच्या रेघा छापणारं चाचणीचं, पान काढा. आमच्या पानावर निळ्या-पिवळ्या रेघा अखंड होत्या, गुलाबी मधूनमधून तुटलेली आणि काळी जवळजवळ गायब. प्रिंटरचं 'हेड क्लीनिंग' (छिद्रं साफ करायची सोय) केल्यावर काळीचे तुकडे दिसू लागले. मग रात्रभर तसाच राहू दिला. सुकलेली शाई ओलसर व्हायला वेळ लागतो. सकाळी पुन्हा क्लीनिंग केलं आणि काळी पट्टी पूर्ण भरली. लागोपाठ क्लीनिंग मात्र करू नका, शाई नुसती वाहून जाते.

भुसावळ
ताई, मूळ दुखणं बोर्डाच्या बटणात आहे. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं. थेट बोर्डावरून बंद केला, किंवा छापता छापता लाईट गेली, तर ते उघडंच राहतं आणि सुकतं. लाईट आली की प्रिंटर चालू करा, हेड जागेवर जाऊ द्या, मग त्याच्याच बटणाने बंद करा. आमच्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे.

धुळे
जिभाऊ, तुम्हनं बरोबर शे! माझी अडचण वेगळी होती. लाईट जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाइन'. राउटर दर वेळी त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) द्यायचा आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसायचा. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, तेव्हा कटकट मिटली. आणखी एक: घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात.

अमळनेर
सातबारा छापायला दिला आणि रांगेत अडकला. रद्दही होईना, पुढचंही काही छापेना. विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवला, सिस्टम३२ मधल्या 'स्पूल'च्या 'प्रिंटर्स' फोल्डरमधल्या फाइली काढून टाकल्या, स्पूलर पुन्हा चालू केला. लगेच छपाई सुरू.

शिरपूर
आमच्याकडे कागदच ओढत नव्हता. मोबाईलच्या बॅटरीने मागच्या फटीत पाहिलं तर टिकली चिकटलेली! चिमट्याने काढली. धुळीने गुळगुळीत झालेले रबरी रोलर किंचित ओल्या सुती फडक्याने पुसले. पावसाळ्यात कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका, सादळलेली पानं एकमेकांना चिकटतात.

चोपडा
दिवे लुकलुकतात आणि 'इंक पॅड'चा संदेश येतो, त्याबद्दल कळकळीने सांगतो. क्लीनिंगची सगळी वाया शाई आत एका स्पंजसारख्या पॅडमध्ये मुरते. ते भरल्याचा हिशोब झाला की प्रिंटर थांबतो. फुकटचं रीसेट सॉफ्टवेअर टाकून नुसता आकडा शून्य करू नका. पॅड भरलेलंच असतं, शाई खालून टेबलावर उतरते. पॅड बदलून मगच रीसेट करा. काही नव्या मॉडेलमध्ये हा पॅडचा डबा आपल्यालाच बदलता येतो.

नंदुरबार
महिन्यातून चारच पानं छापणाऱ्यांनी लेझर घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. टोनर म्हणजे कोरडी पूड, ती सुकत नाही.

जळगाव
लेझरचं म्हणणं पटतं, पण मुलांच्या प्रकल्पांना रंग लागतो आणि रंगीत लेझर बजेटबाहेर. म्हणून शाई सुकू नये यासाठी आम्ही दर रविवारी चारही रंगांचं एक छोटं चित्र छापतो. चाळीसगाव, रावेरकडच्यांनीही लिहा. विशेषतः काळी शाई भरलेली असून, क्लीनिंग करूनही काळाच उमटत नाही, हे कोणी घरी दुरुस्त केलं असेल तर नक्की सांगा.