ऑपरेशननंतरही कंबर दुखते, म्हणून तीन इंजेक्शनांचं पॅकेज? माझा विरोध आहे

कोयनाकाठ

वडिलांचं मणक्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकून नस दबली होती. पायातली कळ थांबली, घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढे कंबर पुन्हा धरायला लागली आणि आता डाव्या पोटरीपर्यंत ओढ जाते. परवा एका पेन क्लिनिकमध्ये नेलं. जुना एमआरआय पिशवीतून बाहेरही काढायला लावला नाही आणि मणक्यात घ्यायच्या तीन स्टेरॉइड इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला. तिन्हीचे पैसे आधी भरले तर सवलत.

मला यात दोन गोष्टी खटकतात. पहिली, दुखतंय नक्की कशाने? ऑपरेशननंतर दुखायची कारणं एकसारखी नसतात. तीच गादी पुन्हा बाहेर आलेली असू शकते, नसेभोवती व्रणाची जाळी धरलेली असू शकते, वरच्या-खालच्या मणक्यावर ताण आलेला असू शकतो, स्क्रू घातले असतील तर हाड जुळलेलं नसू शकतं, माकडहाडाच्या वरचा सांधा दुखत असू शकतो, क्वचित आत जंतुसंसर्गही असतो. या सगळ्यांवर एकच सुई कशी चालेल?

दुसरी, पहिल्या इंजेक्शनने फरक पडेल की नाही हे कळायच्या आधी तिसऱ्याचे पैसे का घ्यायचे?

पुरावाही फार भक्कम नाही. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६ मध्येच सांगितलं की नुसत्या कंबरदुखीला मणक्यात इंजेक्शन देऊ नका. २०२५ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तर जुनाट मणकेदुखीवर स्टेरॉइडच्या एपिड्युरल (मणक्याच्या नळीत, नसांच्या आवरणाबाहेर द्यायच्या) इंजेक्शनांविरुद्ध ठाम मत दिलं. माझं मत साधं आहे : कारण शोधल्याशिवाय सुई नको, आणि पॅकेज तर कधीच नको.

भूल_आणि_वेदना

मी भूलतज्ज्ञ, गेली बरीच वर्षं वेदना-उपचार करतो. पॅकेजला माझाही विरोध आहे. पण तुमच्या लेखाने एखादा रुग्ण 'इंजेक्शन म्हणजे लूट' असं समजून घरी तडफडत बसेल, म्हणून लिहितो.

नाइसचं अर्धंच वाक्य तुम्ही दिलंत. त्याच कागदात पुढे आहे की सायटिका, म्हणजे नस दबून पायात जाणारी कळ, ताजी आणि तीव्र असेल तर एपिड्युरलचा विचार करा. कंबर दुखणं वेगळं आणि नस दबून पायात कळ जाणं वेगळं. बीएमजेच्या सूचनांवर वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी आक्षेप घेतला तो याचसाठी : वेगवेगळे आजार, वेगवेगळ्या पद्धती एका टोपलीत घातल्या.

आणि पर्याय काय आहेत ते सांगा. दुसरं ऑपरेशन? दर पुढच्या ऑपरेशनला यशाची शक्यता कमी होत जाते. नसांच्या दुखण्यावरच्या प्रीगॅबालिनसारख्या गोळ्या? सत्तरीच्या माणसाला त्याने झापड येते, तोल जातो, पडला की खुबा मोडतो. मेंदूकडे जाणारे वेदनेचे संदेश बदलणारं स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर हे यंत्र ऑपरेशननंतरच्या पायदुखीवर काहींना उपयोगी पडू शकतं. पण किंमत लाखांत. आपल्याकडे किती घरांना झेपेल?

चाफा_फुलला

मी रुग्ण म्हणून बोलते. ऑपरेशनच्या दुसऱ्या वर्षी माझी अवस्था अशी होती की बँकेत काउंटरवर तासभर बसवत नव्हतं. फिजिओ सांगायच्या त्या व्यायामातला पहिलाच व्यायाम केला की पायात वीज जायची. मग सी-आर्मखाली, म्हणजे सुई कुठे जातेय ते दाखवणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली, डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) घालून, एकच इंजेक्शन घेतलं. दुखणं गेलं नाही. पण काही महिने इतकं उतरलं की व्यायाम करता आला, चालता आलं, पोटाचे-पाठीचे स्नायू धरले. आज मी नोकरी करतेय ती त्या महिन्यांच्या जोरावर.

कोयनाकाठ, तुमचा राग पॅकेजवाल्यांवर आहे, तो बरोबर आहे. पण 'पुरावा भक्कम नाही' हे वाक्य दुखणाऱ्या माणसाला ऐकवू नका. त्याला पुढचे तीन महिने कसे काढायचे हा प्रश्न असतो.

कोयनाकाठ

ताई, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंदच आहे. पण तुम्हीच लिहिलंत : एक इंजेक्शन, सी-आर्म, डाय, आणि लगेच व्यायाम. माझ्या वडिलांना यातलं व्यायामाचं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. सुई देणाऱ्याने फिजिओचं नाव काढलं नाही, तर ते उतरलेले महिने नुसते पडून जातील आणि दुखणं परत येईल.

डॉक्टर, २०१४ मध्ये अमेरिकेत मणक्याची नळी अरुंद झालेल्या ४०० रुग्णांना एपिड्युरल दिलं. अर्ध्यांना भुलीच्या औषधात स्टेरॉइड मिसळून, अर्ध्यांना नुसतं भुलीचं औषध. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत लक्षात येण्याजोगा फरक नव्हता. मग स्टेरॉइडचा धोका कशासाठी पत्करायचा?

भूल_आणि_वेदना

ती पाहणी अरुंद नळीची, ऑपरेशननंतरच्या दुखण्याची नव्हे. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावता येत नाही. पण प्रश्न योग्य आहे, आणि म्हणूनच मी कुणाला 'बरं होईल' असं सांगत नाही. 'काही आठवडे ते काही महिने उतार पडू शकतो, पडणारही नाही' एवढंच सांगतो.

ऑपरेशन झालेल्या पाठीत सुई घालणं हे कसबाचं काम आहे. हाडाचा तुकडा आणि मणके जोडणारं पिवळं बंधन काढलेलं असतं, आत व्रण असतो. मधून सुई घालताना नसांभोवतीची पाण्याची पिशवी फुटण्याचा धोका वाढतो, म्हणून बहुतेक वेळा आम्ही खालून, माकडहाडाजवळच्या छिद्रातून जातो किंवा नस बाहेर पडते तिथून. डाय टाकून औषध कुठवर पसरतंय ते बघायचं. व्रणाने वाट अडली असेल तर औषध नसेपर्यंत पोचतच नाही. सी-आर्मशिवाय अंदाजाने देणाऱ्याकडे जाऊच नका.

पंचगंगा_७२

अंदाजाने देणारे आमच्या तालुक्यात आहेतच. पण माझं म्हणणं वेगळं आहे. माझ्या आईला मधुमेह. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी साखर साडेतीनशेच्या पुढे गेली. इन्सुलिन वाढवावं लागलं, आठवडाभर घरात कुणाला झोप नाही. इंजेक्शन देणाऱ्यांनी आधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. कंबर? पंधरा दिवस बरी, मग जैसे थे.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इशारा दिला होता की मणक्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनने क्वचित पण गंभीर गोष्टी घडू शकतात. दृष्टी जाणं, पक्षाघात, मृत्यूसुद्धा. हा वापर त्यांनी मंजूर केलेलाच नाही. संमतीपत्रावर सही घेताना हे वाचून दाखवणारं कुणी भेटलं का इथे?

चाफा_फुलला

मला वाचून दाखवलं होतं. म्हणून तर मी मान्य केलं.

लेस्टरहून

इकडे ब्रिटनमध्ये नाइसच्या सूचना कशा चालतात ते सांगतो, कारण धाग्यावर सगळे त्यांचा दाखला देताहेत. ऑपरेशननंतर माझी कंबर दुखत राहिली तेव्हा जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, इंजेक्शनचं नाव काढलं नाही. गटाने करायचा व्यायाम आणि वेदनेबरोबर जगायचं शिकवणारा कार्यक्रम सुचवला. कार्यक्रम खरोखर चांगला होता, विशेषतः दुखण्याची भीती कमी करण्याचा भाग. पण नंबर लागेपर्यंत इतका काळ गेला की त्या काळात मी पूर्ण मोडलो होतो. 'सुई नको' म्हणणाऱ्याने त्या जागी दुसरं काही वेळेवर द्यायला हवं. सांगली-साताऱ्यात असा कार्यक्रम आहे का? नसेल तर कोयनाकाठ, तुमचं मत शहरातल्या सोयींवर उभं आहे.

कोयनाकाठ

हा मुद्दा लागला. इथे तसा कार्यक्रम नाही. पण सोय नाही म्हणून निदानाशिवाय स्टेरॉइड, हे मला पटत नाही. फिजिओ तालुक्याला आहेत. आणि एमआरआय जिल्ह्याला होतोच.

आमच्याकडे अडचण अशी की बाबा सगळं निमूट मान्य करतात. मागच्या पावसाळ्यात अँजिओप्लास्टी झाली तेव्हाही एक प्रश्न विचारला नाही, सांगितलेल्या गोळ्या घेताहेत. आताही म्हणतात, 'डॉक्टर सांगतात तर घेऊन टाकू, पुढच्या सोमवारी.'

भूल_आणि_वेदना

थांबा. अँजिओप्लास्टी? स्टेंट टाकलाय? क्लोपिडोग्रेल चालू आहे का?

कोयनाकाठ

हो. क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन, दोन्ही. पेन क्लिनिकच्या फॉर्मवर हृदयाचा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा रकानाच नव्हता. कुणी विचारलंही नाही.

भूल_आणि_वेदना

मग सोमवारचं रद्द करा. क्लोपिडोग्रेल चालू असताना मणक्यात सुई घातली तर आत रक्त साचून नसा दाबल्या जाऊ शकतात, पाय जाऊ शकतात. आणि ते टाळायला घरच्या घरी गोळी बंद केली तर स्टेंट बुजून हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अशा इंजेक्शनाआधी क्लोपिडोग्रेल साधारण सात दिवस थांबवतात, पण स्टेंट नवा असेल तर थांबवता येईल की नाही हे फक्त हृदयरोगतज्ज्ञ ठरवणार. मी नाही, पेन क्लिनिक नाही, तुम्ही तर नाहीच.

तोवर डाय देऊन एमआरआय करून घ्या. व्रणाला रक्तपुरवठा असतो म्हणून तो डायने उजळतो, पुन्हा सरकलेली गादी तशी उजळत नाही. आधी क्रिएटिनिन तपासा, किडनी कमजोर असेल तर डायचा विचार वेगळा करावा लागतो. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलता येईना झालं, तर कुणाचीही अपॉइंटमेंट न बघता थेट मोठ्या हॉस्पिटलला.

पंचगंगा_७२

डॉक्टर, हेच तर आम्ही म्हणतोय. हा प्रश्न तुम्ही विचारलात, पैसे घेणाऱ्याने नाही.

भूल_आणि_वेदना

मान्य. तरी एमआरआयमध्ये व्रणात अडकलेली नस दिसली आणि हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली, तर मी यांच्या वडिलांना एक इंजेक्शन सुचवेनच. एकच. आणि त्याच आठवड्यात फिजिओ सुरू.

कोयनाकाठ

क्लिनिकला फोन करून सोमवार रद्द केला. हृदयरोगतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली आहे, क्रिएटिनिनचं रक्त उद्या सकाळी देतोय. इंजेक्शनबद्दल माझं मत अजून तेच आहे, डॉक्टर. पण एमआरआयचा रिपोर्ट आला की इथे लिहितो, मग तुम्ही आणि मी पुन्हा भांडू.